कासेवरून आयुष्य सांगणारा जावई

परीक्षकमहाशय गोठ्यात शिरत, तेव्हा गायींपेक्षा गायींच्या मालकांचीच छाती अधिक धडधडत असे. त्यास कारणही तसेच होते. पशुपैदास संघाच्या चाकरीत असलेल्या ह्या गृहस्थांचा व्यवसाय गायींची शरीरे मोजण्याचा होता. पाठीची उंची किती, छाती रुंद की चिंचोळी, मागचे पाय कोयत्यासारखे वाकलेले की खांबासारखे ताठ, खुरांचा कोन कसा, कास पोटाशी घट्ट बांधलेली की ओल्या पिशवीसारखी लोंबणारी, सड सरळ खाली उतरलेले की एकमेकांवर रुसून दोन दिशांना तोंडे फिरवलेले, ह्या प्रत्येक गोष्टीस ते एक ते नऊ यांपैकी एक अंक देत असत. खिशात फीत, हातात फळी, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि मुद्रेवर न्यायाधीशाचे गांभीर्य, अशा थाटात ते गायीभोवती संथपणे एक फेरी घालीत, मग खाली वाकून तिच्या कासेखाली डोकावत, आणि पुन्हा उभे राहताना एक सुस्कारा सोडीत. त्या सुस्काऱ्याच्या लांबीवरून मालकास आपल्या जनावराचे भवितव्य कळून चुके.

आरंभी ह्या अंकांचा उपयोग प्रदर्शनात गायीच्या गळ्यात रंगीत पट्टा अडकवण्यापलीकडे फारसा होत नव्हता. परंतु पुढे संघाच्या मुख्य कार्यालयाने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि परीक्षकांच्या आयुष्यास निराळेच वळण लागले. अभ्यासाचे सार असे होते की, गायीची शरीरयष्टी आणि तिचे कळपातील आयुष्य ही दोन्ही एकाच रक्तातून खाली उतरतात. ज्या वळूच्या मुलींची कास उथळ व घट्ट असते, त्या वळूच्या मुली कळपात पुष्कळ वर्षे टिकतात. ज्याच्या मुलींची कास गुडघ्यांच्या खाली उतरते, त्या लवकर नाहीशा होतात. पायांचेही तसेच. तात्पर्य, पहिल्या वेताच्या गायीचे अंग पाहून ती पुढे किती वेते टिकेल, हे आगाऊ सांगता येणे शक्य होते. परीक्षकांनी तो अभ्यास तीनदा वाचला. पहिल्या दोन वेळी समजला नाही म्हणून, आणि तिसऱ्या वेळी समजला म्हणून.

त्या दिवसापासून त्यांच्या सुस्काऱ्यास वाचा फुटली. कासेखालून डोके बाहेर काढून ते आता स्पष्ट शब्दांत निकाल देऊ लागले. "टिकेल," किंवा "नाही टिकणार." आणि नवल असे की, त्यांनी टिकणार नाही म्हटलेली एकही गाय टिकली नाही.

"साहेब, तुम्ही म्हणालात ही दोन वेतांत जाईल," एखादा दूधवाला गोठ्याच्या दारातच त्यांचे पाय धरावयाच्या बेतात म्हणे, "आणि बघा, एका वेतातच गेली!"

"कास," परीक्षक अर्धवट डोळे मिटून उत्तर देत, "कास खोटं बोलत नाही."

हळूहळू त्यांची कीर्ती गोठ्यांची कुंपणे ओलांडून गल्लीत आली. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या शिंपीणबाईंनी तर मुलीस सांगून आलेले स्थळ चहाच्या निमित्ताने घरी बोलावले आणि परीक्षकांना खिडकीशी बसवून त्या मुलाला अंगणात उगीचच दोनदा चालावयास लावले. परीक्षकांनी पूर्ण विचारांती "मागून चाल बरी आहे" असा अभिप्राय दिला, आणि लग्न ठरले.

अशा ह्या नितळ कीर्तीत मिठाचा खडा पडला होता तो एकच. तो खडा चार पायांचा असून परीक्षकांच्या सासूबाईंच्या गोठ्यात बांधलेला होता.

सासूबाईंचा गोठा गावाच्या टोकाला होता. गोठ्याच्या प्रवेशद्वारावर एक लोखंडी नळी आडवी बसवलेली होती आणि ती इतकी खाली होती की परीक्षकांसारख्या ताडमाड पुरुषाचे कपाळ प्रत्येक भेटीत तिच्यावर आपटे. तो ठणका ऐकला की आतून सासूबाईंची हाक येई, "आलात वाटतं, जावईबापू!" त्या घरातील माणसांस मात्र ती नळी कधीही लागली नव्हती. सासूबाई बुटक्या, परीक्षकांची पत्नी बुटकी, तिचा धाकटा भाऊ बुटका, आणि गोठ्यातली सर्वांत आवडती गाय तर इतकी बुटकी की तिचे नावच ठेंगणी पडले होते.

लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने ही पहिल्या वेताची ठेंगणी नव्या जावयास दाखवली होती. सगळी नातेवाईक मंडळी भोवती उभी होती. जावयाने फीत काढली, फेरी घातली, वाकून पाहिले. ठेंगणीची कास जवळजवळ जमिनीशी बोलत होती. सड चारी दिशांना पांगले होते. छाती रुंद, पण पाय आखूड. ती गाय संघाच्या आदर्श चित्रापासून जितकी दूर असणे शक्य होते तितकी दूर होती.

"ही तिसरं वेत बघणार नाही," नवे जावई सर्वांदेखत म्हणाले.

सासूबाईंनी ठेंगणीच्या पाठीवरून हात फिरवला. "बघते की नाही, ते बघू," एवढेच त्या बोलल्या.

त्यानंतर ठेंगणी व्याली की परीक्षकांच्या घरी फोन वाजे. तो नेहमी त्यांच्या पत्नीनेच उचलावा, असा जणू विधिलिखित संकेतच होता. "जावईबापू आहेत का? नको, नको, बोलावू नकोस. ठेंगणी व्याली एवढंच सांग. दोघी बऱ्या आहेत." तिसऱ्या वेताला असा फोन आला, चौथ्याला आला, पाचव्याला आला. आठव्या वेतापर्यंत परीक्षकांस फोनच्या घंटीच्या नुसत्या स्वरावरून ठेंगणी व्याल्याचे समजू लागले होते.

हे सर्व त्यांनी गिळले असते. परंतु संघाने त्याच वर्षी अचूक भाकितासाठी सुवर्णपदक जाहीर केले, आणि पदकाबरोबर मुख्य परीक्षकाची खुर्चीही. संचालकांनी त्यांस आपल्या खोलीत बोलावून घेतले. खोलीत भिंतभर आदर्श गायीचे चित्र होते आणि त्याखाली संचालक अशा रीतीने बसत की पाहणाऱ्यास डोक्यावर दिसणारी शिंगे चित्रातल्या गायीची की त्यांची स्वतःची, असा क्षणभर भ्रम व्हावा.

"पदक तुमचंच आहे हो," संचालक म्हणाले. "पण एक गाय आडवी आलीय. तुम्ही म्हणालात तिसरं वेत बघणार नाही, आणि ती अजून रवंथ करतेय. कुणाची आहे?"

"सासूबाईंची," परीक्षक अगदी हळू आवाजात म्हणाले.

"मग घरचंच काम की! नियम असा आहे, अपवाद एकही चालणार नाही. वर्ष संपताना ती गाय कळपात असली तर पदक लंबूला जाईल." लंबू म्हणजे पलीकडच्या विभागाचा परीक्षक, हा आपल्या परीक्षकांहूनही बोटभर उंच होता, आणि त्याच्या विभागात अपवाद नव्हता.

परीक्षक घरी परतले ते पायऱ्यांवर दोनदा ठेचकाळत. आता प्रश्न गायीचा राहिलाच नव्हता. ज्या विद्येने त्यांस गल्लीत मान मिळाला, दूधवाल्यांच्या डोळ्यांत देवत्व मिळाले, ती विद्या खरी की खोटी, हे एका ठेंगण्या जनावराने कळपात राहावे की जावे ह्यावर येऊन ठेपले होते. आणि परीक्षकांच्या मनाने, त्यांस न विचारताच, ती जावी असा कौल देऊन टाकला होता.

दैवानेही साथ दिली. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात राहावयास परीक्षकांची पत्नी निघाली. पिशवी भरता भरता तिने नवऱ्याकडे निरखून पाहिले.

"अहो, तुम्ही एवढे खूश का दिसताय?"

"खूश? सासूबाईंची दृष्टी सुधारणार, मग आनंद नको व्हायला?"

"माझ्या आईची दृष्टी सुधारली तर तुम्हालाच जड जाईल." तिने पिशवीची चेन ओढली. "पदकाचं पत्र वाचलंय मी. एक अपवाद आहे म्हणे."

"तो काय, किरकोळ..."

"त्या किरकोळीच्या वाटेला जाऊ नका. आईने बाबांच्या माघारी तोंडात घास घातला तो ठेंगणीच्या पहिल्या वेताचा चीक काढून आल्यावर. तोपर्यंत उपाशी होती ती. त्या गायीला काही झालं ना, तर ह्या घरात तुमचंही वेत संपलं असं समजा."

परीक्षकांनी हसण्याचा प्रयत्न केला. पत्नी हसली नाही. दार ओढून घेताना ती एवढेच म्हणाली, "गॅस बंद करा," परंतु त्या तीन शब्दांतसुद्धा गायीचाच इशारा आहे, असे परीक्षकांस वाटले.

तरीही ते दुसऱ्या दिवशी सकाळी सासुरवाडीस गेलेच. नळी कपाळाला लागली. आतून हाक आली नाही.

रात्री फोनवर ठरल्याप्रमाणे मेहुणा त्यांची वाटच पाहत होता. हा तरुण विज्ञानाचा मोठा भक्त होता. त्याने दूध काढण्याच्या यंत्राच्या वर संघाचे आदर्श गायीचे चित्र चिकटवले होते, आणि यंत्र चालू असताना तो खाली कासेकडे न बघता वर चित्राकडे बघत असे.

"ट्रकवाल्याला फोन केलाय भाऊजी," तो दबक्या आवाजात म्हणाला, जणू गायींस मराठी समजत होती. "येतोच आहे. पण आईला काय सांगायचं?"

"सांगू, ठेंगणीचा पाय घसरला."

"तिचा? ती जन्मात कधी घसरली नाही. भाऊजी, तुमचा घसरला म्हटलं तर आई विश्वास ठेवेल."

परीक्षकांनी ह्या विनोदाकडे दुर्लक्ष केले. जे करावयाचे ते शास्त्रशुद्ध रीतीने व्हावे, म्हणून त्यांनी ठेंगणीची पुन्हा एकदा परीक्षा घेण्याचे ठरवले. त्यांनी फेरी घातली. वयामुळे तिच्या पाठीला किंचित खळगा पडला होता, डोळ्यांभोवतीचे केस पांढरे झाले होते, पण अंग तकतकीत होते. ते कासेखाली वाकले. सारे काही पूर्वीप्रमाणेच होते, किंबहुना अधिकच. कास जमिनीपासून वीतभरच वर, सड पांगलेले, यंत्राचे रबरी पेले त्यांवर सरळ बसणे केवळ अशक्य.

"मग हिच्या धारा निघतात तरी कशा?"

"आई चारी पेले हाताने धरून बसते," मेहुणा म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. आधी कास धुते, मग पुसते, मग खाली गोणपाट टाकते, मग स्वतः बसते. मी म्हटलं, आई, एवढ्या वेळात मी बाकीच्या सगळ्या गायी उरकतो. तर म्हणते, उरक की."

परीक्षक ह्यावर काही बोलणार, इतक्यात ठेंगणीने मान वळवून त्यांची सदऱ्याबाहेर लोंबणारी फीत तोंडात घेतली आणि ती शांतपणे चघळू लागली. ते ओढत होते, ती चघळत होती, आणि अशा अवस्थेत असतानाच बाहेर ट्रक येऊन उभा राहिला.

ट्रकवाला हा गुबगुबीत, हसतमुख आणि बोलघेवडा गृहस्थ होता. कळपांतून काढून टाकलेल्या गायी नेणे हा त्याचा धंदा. तो गोठ्यात आला, परीक्षकांस पाहताच दचकला आणि त्याने घाईघाईने टोपी काढली.

"साहेब! तुम्ही? अरे देवा, मी चुकून आधी आलो की काय!"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे एक दिवस आधी हो! एरवी तुम्ही आज, मी उद्या. संघाच्या फळ्यावर तुमचा दौरा लागतो ना, तो बघूनच मी माझा दौरा लावतो. तुम्ही ज्या गल्लीतून गेलात, त्या गल्लीत दुसऱ्या दिवशी माझा ट्रक रिकामा परत आला असं कधी झालं नाही." त्याने परीक्षकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आले होते. "कितीतरी दिवस म्हणत होतो, साहेबांना एकदा भेटून आभार मानायचे. धाकटीचं शिक्षण तुमच्यावर झालं, साहेब. घरी बायको रोज तुमचं नाव काढते."

परीक्षकांस आपला हात सोडवून घेण्याचेही भान राहिले नाही.

"पण त्या गायी... आजारी असतात ना? दूध आटलेलं, पाय गेलेले?"

"असतात की काही. कास जमिनीला घासली की दगडी होते, त्यात खोटं नाही. पाय वाकडे असले की लंगडतात. पण निम्म्या तर चांगल्या खात्यापित्या, दुधाने भरलेल्या! मी मालकाला विचारतो, अरे बाबा, हिला का देतोस? तर म्हणतो, परीक्षकसाहेब म्हणालेत टिकणार नाही. मग ती न टिकायच्या आत दिलेली बरी." ट्रकवाल्याने कौतुकाने मान डोलावली. "काय तुमचा शब्द हो! तोंडातून निघाला की खराच होतो."

थोर पुरुषांच्या जीवनात ज्ञानाचा प्रकाश एकदम पडतो, असे म्हणतात. परीक्षकांच्या जीवनात तो ट्रकच्या मागच्या फळक्यासारखा धाडकन पायावर पडला. त्यांनी कासेवरून आयुष्य सांगितले होते. मालकांनी ते ऐकून आयुष्य संपवले होते. संघाच्या यादीत केवळ "कळपातून गेली" अशी नोंद झाली होती. आणि त्या नोंदी एकत्र करून संघ दर वर्षी जाहीर करीत होता की, पाहा, परीक्षकांचे अंक आणि गायींचे आयुष्य यांचा किती घट्ट संबंध आहे! त्यांस एकेक गाय आठवू लागली. एक काळी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिने त्यांच्या खिशातला रुमाल खाल्ला होता, आणि तिच्या मागच्या पायांना त्यांनी केवळ तिची खोड मोडावी म्हणून दोन अंक कमी दिले होते.

"चला, घेऊ चढवून," ट्रकवाला म्हणाला.

परीक्षकांच्या जिभेवर "थांबा" हा शब्द आला. परंतु जिभेपासून ओठांपर्यंतच्या एवढ्याशा वाटेत सुवर्णपदक आडवे पडले होते, त्याच्या पलीकडे मुख्य परीक्षकाची खुर्ची, आणि खुर्चीत लंबू बसलेला. शब्द तिथेच घुटमळला. मेहुण्याने ठेंगणीच्या गळ्यातली दोरी सोडली आणि तिला अंगणातून ट्रककडे चालवले. ट्रकला फळी लावलेली होती. फळीच्या दोन्ही बाजूंस गायी निसटू नयेत म्हणून आडव्या लोखंडी नळ्या होत्या. ठेंगणी निमूटपणे फळीवर चढली. अर्ध्यावर गेली. तिथे थांबून तिने मागे वळून गोठ्याकडे पाहिले.

मग तिने मान खाली घातली, आखूड पाय आणखी थोडे दुमडले, आणि ती त्या नळीच्या खालून, पाठ जराशी घासत, पण अत्यंत सहजतेने बाहेर पडली. कास सांभाळून तिने फळीवरून जमिनीवर एक लहानशी उडी घेतली, अंगण ओलांडले आणि ती सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

ट्रकवाला आ वासून पाहत राहिला. मेहुण्याने मात्र कपाळाला हात लावला.

"झालं! हे असंच होतं, भाऊजी. प्रत्येक वेळी."

"प्रत्येक वेळी म्हणजे?" परीक्षकांचा आवाज चिरकला.

मेहुण्याने मान खाली घातली. "तुम्ही म्हणाला होता ना, तिसरं वेत बघणार नाही. मग दुसऱ्या वेतानंतर आई बाहेर गेली होती तेव्हा मी हिला देऊन टाकायचं ठरवलं. तुमचा शब्द खोटा पडू नये म्हणून. हिने असंच केलं. चौथ्या वेतानंतर परत बोलावला ट्रक, दुसरा होता. पुन्हा तेच. उंच गायीला ती नळी छातीशी येते, ती अडते आणि गुमान वर चढते. हिच्या ती पाठीवरून जाते. पुढे मी नादच सोडला."

परीक्षक गव्हाणीच्या कठड्यावर मटकन बसले. मग आपण हसत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले. संघाच्या अभ्यासात एके ठिकाणी स्पष्ट लिहिलेले होते की, उंच गायींपेक्षा ठेंगण्या गायी कळपात अधिक काळ टिकतात असे काही ठिकाणी दिसून येते. कारण मात्र अज्ञात आहे. ते अज्ञात कारण आता स्वयंपाकघराच्या दाराला अंग घाशीत होते.

"हसताय काय, साहेब," ट्रकवाला बाह्या सावरत म्हणाला. "दोरी बांधतो आणि खालून एक बांबू घालतो. आता कशी निसटते बघू."

"नको."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको म्हटलं ना!" परीक्षक ताडकन उठले. शब्द आता अडला नाही. पदकाला लाथ मारून तो बाहेर आला होता. "ती टिकणार आहे."

"किती टिकेल?" ट्रकवाल्याने धंद्याच्या सवयीने विचारले.

"ते सांगणार नाही. इथून पुढे कुणाचंच सांगणार नाही."

ट्रकवाल्याचा चेहरा पडला. "मग साहेब, मी दौरा कुणाच्या मागे लावू?"

ट्रक रिकामाच निघून गेला. परीक्षक ठेंगणीस परत गोठ्यात न्यावयास निघाले. ठेंगणी नळीखालून डौलात आत गेली आणि तिची दोरी धरून मागोमाग जाणाऱ्या परीक्षकांचे कपाळ इतक्या जोराने आपटले की अंगणातली कबुतरे उडाली.

ते गव्हाणीपाशी बसून टेंगळावर ओला फडका दाबीत असतानाच दारात रिक्षा थांबली. दवाखान्याने सासूबाईंस अपेक्षेपेक्षा लवकर सोडले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा उघडा, आणि त्या एकट्या उघड्या डोळ्यात दोन्ही डोळ्यांची धार. मागे परीक्षकांची पत्नी. सासूबाई कोणाशीही न बोलता सरळ ठेंगणीपाशी गेल्या, तिच्या पाठीवर नळी घासल्याने उठलेल्या लाल रेघेवरून त्यांनी बोट फिरवले, आणि मग त्या वळल्या.

"वाटेत ट्रक भेटला," त्या म्हणाल्या.

मेहुणा एका खांबाच्या मागे झाला. खांब बारीक होता.

"रिकामा होता," सासूबाई पुढे म्हणाल्या. "म्हणून काही विचारत नाही."

परीक्षकांनी पत्नीकडे पाहिले. ती त्यांच्या हातातल्या फितीच्या चघळलेल्या टोकाकडे पाहत होती.

"काय मोजत होतात?" तिने विचारले.

"उंची."

"वाढली का हो तिची?" सासूबाईंनी विचारले, आणि जवळ येऊन जावयाच्या कपाळावरचा फडका उचलून पाहिला. "चांगलंच लागलंय की! तुमची उंची फार, जावईबापू. अशी जनावरं टिकत नाहीत."

परीक्षकमहाशयांनी आयुष्यात पुष्कळ निकाल दिले होते. स्वतःवरचा निकाल त्यांनी प्रथमच मान खाली घालून ऐकला.

वर्ष संपले तेव्हा ठेंगणी कळपातच होती. सुवर्णपदक लंबूच्या गळ्यात पडले. लंबूने आभाराच्या भाषणात, कास कधी खोटे बोलत नाही, असे उद्गार काढले, तेव्हा सभागृहाच्या शेवटच्या रांगेत एक गुबगुबीत गृहस्थ उभा राहून सर्वांपेक्षा अधिक वेळ टाळ्या वाजवीत होता. त्याने आपला दौरा कोणाच्या मागे लावला, हे परीक्षकांस न विचारताच कळले.

समारंभ आटोपल्यावर ते कार्यालयातल्या आकडेवाल्या बाईंच्या टेबलाशी गेले. अभ्यासाची सगळी गणिते ह्याच बाई मांडीत.

"बाई, एक विचारू? ह्या आयुष्यातलं रक्तातलं किती आणि ट्रकातलं किती?"

बाईंनी चष्मा काढला. "अहो, तेच तर मी वर कधीपासून सांगतेय! रक्तातलं आहे, नाही असं नाही. पण तुम्ही लोक मालकासमोर बोलून मोकळे होता, मग मी वेगळं कसं काढू? वरून सांगतात, आकडे छान जुळतायत, उगीच हलवू नका."

परीक्षकांनी आकडे हलवले नाहीत. त्यांनी केवळ जीभ हलवणे बंद केले. ते पूर्वीप्रमाणेच फेरी घालीत, पूर्वीप्रमाणेच वाकत, प्रामाणिकपणे अंक लिहीत आणि अंक लिहिलेला कागद दुमडून सरळ खिशात घालीत. मालक मागे लागत, "साहेब, टिकेल ना?" त्यावर ते गायीच्या मानेवर थोपटून विचारीत, "दूध देते ना? चालते ना? मग तिलाच विचारा." गल्लीत त्यांचा मान उतरला. शिंपीणबाईंनी तर बोलणेच सोडले, कारण मुलीचा नवरा चालत बरा होता, पण घरी वेळेवर येत नव्हता.

असा काही काळ लोटला आणि एके दिवशी त्यांच्या हाती संचालकांच्या सहीची नोटीस पडली. "आपल्या विभागातील गायी कोणत्याही शरीरलक्षणाशी संबंध न राखता दीर्घकाळ कळपात राहत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब गंभीर असून सदर गायी कोणत्या कारणास्तव जिवंत आहेत, याचा लेखी खुलासा त्वरित सादर करावा."

परीक्षक जेवणाच्या टेबलाशी बसून पुष्कळ वेळ लेखणी चावीत राहिले. अखेर त्यांनी लिहिले: "गायी विकल्या न गेल्यामुळे जिवंत राहिल्या आहेत. तरी क्षमा असावी." पाकीट चिकटवीत असतानाच फोन वाजला. घंटीच्या स्वरावरूनच त्यांस काय ते समजले, आणि ह्या वेळी पत्नीच्या आधी त्यांनीच तो उचलला.

"तुम्हीच का?" सासूबाई म्हणाल्या. "ठेंगणी व्याली. दोघी बऱ्या आहेत. कालवड झालीय, आईवर गेलीय अगदी. बघायला या. फीत आणू नका."

"नाही आणत."

त्यांनी फीत कपाटात टाकली आणि तशीच वाट धरली. गोठ्याशी पोहोचताच त्यांनी नळीची आठवण ठेवली, अदबीने वाकले आणि पहिल्यांदाच कपाळ सुखरूप ठेवून आत शिरले. समोर गोणपाटावर ठेंगणीची ओलीचिंब, आखूड पायांची लेक उभी राहण्याची खटपट करीत होती. ते पाहून परीक्षकांस इतका हर्ष झाला की नळी अजून डोक्यावरच आहे, हे विसरून ते एकदम ताठ झाले.

आतल्या अंधारातून, पेले धरून बसलेल्या सासूबाईंची हाक आली.

"आलात वाटतं, जावईबापू!"